ओट्यावरचं ताट

बस रे भाऊ. ती खाट इकडे लिंबाखाली ओढ अन्‌ पाय वर घे. चहा येईल तेव्हा येईल. तुला एका माणसाची गोष्ट सांगतो. जरा लांब आहे, मधी उठायचं नाही.

अभिमनची गोष्ट. तू त्याला पाहिला असशील. एका हातात शेणाची पाटी, डावा खांदा खाली पडलेला, चुडामणनानांच्या गोठ्याकडे जातो तो. तुला वाटलं असेल हा जन्माचा सालदार, वर्षाच्या बोलीनं बांधलेला गडी. तसं नाही. त्याचा बाप सुकलाल जन्माचा सालदार होता. अभिमनही मिसरूड फुटल्यापासून त्याच गोठ्यात शेण काढत होता, नानांचे बैल पाणी पाजत होता. पण नरडाण्याला कंपन्या आल्या तशी एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल धरायला तो नानांच्या ओट्यावर गेलाच नाही. सकाळची गाडी धरली अन्‌ दोऱ्याच्या कंपनीत लागला. ठेकेदाराकडून का होईना, महिन्याला पगार अन्‌ पगाराची चिठ्ठी. गावात तेव्हा लोक म्हणायचे, सुकलालचा पोऱ्या आता घड्याळ पाहून जेवतो.

त्या चिठ्ठीवर बँकेनं त्याला कर्ज दिलं. जमीन नाही, सोनं नाही, नुसत्या चिठ्ठीवर. त्याला त्याचं इतकं अप्रूप, की मंजुरीचा कागद चार दिवस खिशात घेऊन फिरला. घरावर पत्रे होते, वैशाखात खाली बसवत नव्हतं, अन्‌ पोरगी दिपमाला कॉलेजात. म्हणून स्लॅब टाकला. प्लास्टर राहिलं, पण स्लॅब पडला. शेवंताबाईनं, त्याच्या बायकोनं, पहिल्या दिवशी वर चढून सगळ्या गल्लीला हाक मारून पापड वाळत घातले.

मंग दिवाळीच्या तोंडावर कंपनी बंद पडली. ठेकेदार म्हणाला, घरी बसा, बोलावतो. फंडाचं विचारलं तर तो त्यानं भरलाच नव्हता. हप्ता एक चुकला, दुसरा चुकला. वसुलीचा एक पोरगा मोटारसायकलवर यायचा. फार सभ्य. दारात उभा राहून पाणी मागायचा, तांब्या रिकामा करायचा अन्‌ परत देताना बठ्ठ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "काका, हप्त्याचं तेवढं बघा." शेवंताबाई तो तांब्या राखेनं घासायची. दोनदा घासायची.

फाल्गुनात अभिमन कांद्यावर जायला लागला. उपटलेला कांदा वावरात पसरलेला, बायका ओळीनं बसलेल्या, हातात विळा. पात कापायची, कांदा क्रेटमधी टाकायचा, क्रेटवर मजुरी. पुरुष क्रेट उचलून ट्रॅक्टरमधी टाकतात, पण अभिमनचा डावा खांदा कंपनीतच गेलेला, दोऱ्याच्या पेट्या उचलून. मुकादमानं एक दिवस पाहिलं अन्‌ त्याला बायकांच्या ओळीत बसवलं. अंगात कंपनीचा निळा शर्ट. खिशावरचं नाव शेवंताबाईनं सुईनं उसवून टाकलं होतं, पण तेवढी जागा गडद राहिली होती.

शेजारच्या ओळीतली रूपा फार तोंडाळ. ती म्हणाली, "काय हो अभिमनभाऊ, कंपनीमा कांदाबी व्हता का?"

"नही वं. तठे दोरा व्हता. दोरा डोयामा पानी आनत नही."

"मंग पुसा डोया. मुकादमले वाटी, घरना आठवन ई राह्यनी."

बायका हसल्या. अभिमनही हसला. शेवंताबाई हसली नाही. तिनं मान खाली घातली अन्‌ हाताचा वेग वाढवला. संध्याकाळी तिचे क्रेट नवऱ्यापेक्षा जास्त भरले, तर तिनं दोन गुपचूप त्याच्याकडे सरकवले. मुकादमानं ते पाहिलं अन्‌ वहीत डोकं घातलं. अभिमननंही पाहिलं.

अशात शिंदखेड्याच्या कोर्टातून नोटीस आली. लोकअदालत आहे, तडजोडीला या. दिपमालानं वाचून दाखवलं तरी त्यानं परत तिलाच विचारलं, "अटक तं नही ना करावत?"

कोर्टाच्या आवारात मांडव टाकला होता. लग्नाचाच मांडव, झालरीसकट. बँकांची टेबलं लागलेली, माणसं उभी, अन्‌ कर्ण्यावरून नाव पुकारायचे. "अभिमन सुकलाल हजर आहे का?" असं तीनदा पुकारलं. गावातले चार ओळखीचे मान वळवून पाहत होते. अभिमन पहिल्याच हाकेला उठला होता, पण गर्दीतून पोचेपर्यंत त्याचं नाव आणखी दोनदा सगळ्यांच्या कानात गेलं.

टेबलामागं बँकेची एक तरुण मॅडम. बोलणं गोड, डोळे संगणकात.

"काका, व्याज धरून दोन लाखांच्या वर गेलंय. आज तडजोड केली तर सत्तर हजारांत मिटवून देऊ. पण एकरकमी, अन्‌ महिन्याच्या आत."

"इतला एकदम कोठून आनू, मॅडम?"

"मग दुसरा मार्ग आहे. पगारदार जामीन आणा. रक्कम पूर्ण भरावी लागेल, पण पाच वर्षांत. हप्ता अगदी लहान करून देते."

"अन्‌ दोन्ही नही जमनं तं?"

"मग आमच्या हातात राहत नाही, काका." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आज सत्तर हजारांवर सही करून ठेवा. तेवढ्यात जामीन मिळाला तर या, बदलून घेऊ."

पलीकडं न्यायाधीश बसलेले. त्यांनी विचारलं, मान्य आहे का, कोणाचा दबाव नाही ना. अभिमननं हात जोडून हो म्हटलं. त्या ‘हो’ला त्यानं फार वजन दिलं, भाऊ. आपल्यासाठी तो एक दिवस असतो. त्या मॅडमकडं तसे दिवसभरात शंभर हो झाले असतील.

परतीच्या एसटीत दिपमाला म्हणाली, "बाबा, महिनामा जमनं नही तं मुदत वाढाडाना अर्ज देता येस. मी लिखसू."

"न्यायाधीशसमोर हा म्हनी ऊनू मी. आते अर्ज कसाले?"

"अर्ज म्हंजे शब्द फिरावनं नही, बाबा. बठ्ठा लोके देतस."

"बठ्ठा लोके देऊ देत." तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

जामीन म्हणून डोळ्यासमोर एकच माणूस. शेवंताबाईचा भाऊ झुलाल, पिंपळनेरकडं आश्रमशाळेत शिपाई. सरकारी पगार. नवरा-बायको दोघं गेले, जाताना पिशवीत कांदे नेले. झुलालनं स्टँडवर येऊन पिशवी हातातून घेतली, घरी नेलं, बाजेवर चादर टाकली. त्याची बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. अभिमननं बँकेचं बोलणं सांगायला सुरुवात केली तसे तिचे हात थांबले. पीठ परातीत, हात पिठात, अन्‌ कान इकडे.

झुलालनं सगळं ऐकलं. उठून आत गेला, पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आला तो मुठीत पाच हजार घेऊन.

"पाव्हना, हाई लई जा. परत नका देवा. पैसा मांगा, मी नही म्हनाव नही. पन सही नका मांगू."

शेवंताबाई म्हणाली, "सही कराले तुनं काय जास रे? हप्ता आम्ही भरसूत."

"अक्का, तू बहीन शे म्हनी पैसा देस. सही देवाले मी मोकया नही. तो पगार मना एकलाना नही शे."

चुलीपुढं हात परत चालू झाले. थाप, थाप, थाप.

अभिमन नको म्हणाला. शेवंताबाईनं पैसे घेतले अन्‌ कमरेच्या पिशवीत खोचले. एसटीत बसल्यावर ती म्हणाली, "भीक समजा नका. राखीनं समजा." साक्री गेलं, धुळं आलं, दोघं गाडी बदलून बसले. तिनं कागदात बांधून आणलेली झुलालकडची भाकरी काढली. त्यानं अर्धी खाल्ली अन्‌ अर्धी तिच्याकडं सरकवली.

आता राहिला एकच दरवाजा. चुडामणनानांचा.

आपल्याकडं साल आखाजीला सुटतं अन्‌ आखाजीलाच लागतं, ते तुला माहीत आहे. पण नानांच्या ओट्याची रीत वेगळी. तिथं कागद नाही, अंगठा नाही, बोलणीसुद्धा नाही. आखाजीच्या दिवशी पाहुणा असेल तर त्याला आत बोलावतात, पाटावर बसवतात. सालदार असेल तर त्याचं ताट बाहेर, ओट्यावर येतं. ओट्यावर जेवला, की पुढच्या आखाजीपर्यंत तो त्या घराचा. सुकलाल त्या ओट्यावर चाळीस एक वर्षं जेवला. मधे एकदा त्याला दुसऱ्याकडं जायचं होतं, पण नानांच्या आईनं ताट आणून ठेवलं अन्‌ म्हातारीला नाही कसं म्हणायचं म्हणून बसला. ही गोष्ट अभिमन स्वतः हसत सांगायचा, कंपनीत असताना.

आखाजीच्या सकाळी शेवंताबाईनं घागर पुजली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकून आगारी दिली. अभिमन धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून निघाला.

"कोठे चालनात?"

"नानाकडे."

ती दारात आडवी झाली. "आज नका जा. उद्या जा, परवा जा. आज नका."

"मुदत परवा सरस. मी साल मांगाले नही जाई राह्यनू, वं. हातउसना मांगाले जाई राह्यनू. महिनाले दोन-दोन हजार फेडसू."

"तठे उसनं भेटत नही. तठे साल भेटस."

"जमाना बदलना. नानाना नातू जितेंद्र शिकेल शे. मोबाईलवर बोलना मी त्यानासंगे. घर ये म्हने, बसूत, बोलूत."

"घर ये म्हने का ओटावर ये म्हने?"

"घर ये म्हने."

ती बाजूला झाली. पण मागून म्हणाली, "आत बलावतीन तं जेवा. बाहेर ताट ऊनं तं पोट दुखस म्हना, उलटी व्हई राह्यनी म्हना, काईबी म्हना. उठी या."

"हा. इतलं कयस माले."

नानांच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगला होता. आखाजीला खेळतातच. गावातले सात-आठ जण, मधे जितेंद्र, नानांचा नातू, पांढरा शर्ट, कानाला वायर. अभिमनला पाहून तो सरकला. "या, अभिमनभाऊ, बसा." त्यानं चहा मागवला. अभिमनभाऊ म्हणाला, त्यामुळं अभिमनचं निम्मं पोट भरलं. तो कडेला बसला, खांबाला टेकून, पाय ओट्याखाली सोडून. म्हणजे बसलाही अन्‌ नाहीही.

पैशाचं बोलायला त्यानं तोंड उघडलं, तर जितेंद्र म्हणाला, "व्हई जाई, भाऊ. डाव सरू द्या." डाव सरला, दुसरा वाटला. ऊन ओट्याच्या दगडावर चढत आलं. आतून पुरणाचा, आंब्याच्या रसाचा वास. एकेका पाहुण्याला आतून हाक येत होती. "किरणभाऊ, चला." "पाटील, चला." ते हात धुवायला उठायचे. अभिमन दर हाकेला पाय वर घ्यायचा अन्‌ परत खाली सोडायचा. सकाळपासून पोटात पाणी सोडून काही नव्हतं. पितरांच्या दिवशी आगारीआधी जेवत नाहीत, अन्‌ आगारी पडली तसा तो निघाला होता.

मंग दारातून नाना आले. ऐंशीच्या पुढचे, नजर गेलेली, एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातात ताट. पुरणपोळी, रसाची वाटी, कुरडई. हात असा थरथरत होता की रस वाटीबाहेर येऊन पोळीवर सांडत होता. सून मागून म्हणत होती, "नाना, मी देते ना," पण ते ऐकत नव्हते.

"कोन बठेल शे आठे? अभिमन ना?"

"हा, नाना."

"सुकलालना अभिमन?"

"हा."

"मी म्हने, पाऊलना आवाज वयखीना दिसस." ते तिथंच, ओट्यावर, खाली बसायला लागले, ताटासकट. अभिमननं झेप घेतली नसती तर पडले असते. एका हातानं त्यानं म्हाताऱ्याला धरलं अन्‌ दुसऱ्या हातात ताट आलं. "तुना बाप मना भाऊसारखा व्हता रे. आज त्यानाबी पितर शे. आठेच जेव. मनासमोर जेव. उपासी उठाना नही."

पत्ते थांबले होते. सगळ्यांचे डोळे त्या ताटावर. जितेंद्र पानं जुळवत होता, वर पाहत नव्हता.

पोट दुखतंय म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण नानांनी चाचपडत त्याचा गुडघा शोधला, त्यावर हात ठेवला अन्‌ कान त्याच्या तोंडाकडं केला, घास चावल्याचा आवाज ऐकायला. भुकेलेल्या माणसाच्या हातात ताट, बापाच्या नावानं, अन्‌ समोर आंधळा म्हातारा कान लावून बसलेला. तू काय केलं असतंस, भाऊ?

तो जेवला. सगळं जेवला. रसाची वाटी बोटानं पुसून घेतली.

हात धुऊन आला तर जितेंद्रनं आतून पैसे आणून ठेवले होते. सत्तर हजार, रबर लावलेले. "मोजी ले, अभिमन."

‘अभिमनभाऊ’मधला भाऊ गेला होता, बघ.

"जितूभाऊ, मी उसना मांगे होतू. महिनाले दोन हजार..."

"अरे, उसना तं उसना. सालमा फिटी जातीन. तरणा पोऱ्या आज लाखले ऐकत नही, तू बावन्नना. तरी मी रोकडा दिधा ना? ज्वारी अलग, दोन कपडा अलग. परवापासून ये, आधी तुनं बँकनं उरकी ले."

पाटील आतून जेवून आले होते, सुपारी कातरत म्हणाले, "झालं की. बसलं साल." अन्‌ नाना भिंतीला टेकून झोपले होते, तोंड उघडं.

घरी आल्यावर शेवंताबाईनं त्याच्याकडं पाहिलं, पैशाच्या पुडक्याकडं नाही. त्याच्या मिशीला रस लागला होता. तिनं पदर ओला केला अन्‌ पुसला. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला पुढं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याला जाऊन पैसे भरले. मॅडमनं मोजून घेतले, शिक्का मारला, कागद दिला. "अभिनंदन काका, सुटलात." मंग सहज म्हणाली, "एवढी धावपळ केलीत? एक अर्ज दिला असता तर दोन-तीन महिने वाढवून दिले असते. तसे देतो आम्ही."

दिपमाला शेजारी उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं नाही. बाहेर येऊन तिनं उसाचा रस घ्यायचा का विचारलं. तो नको म्हणाला.

मंग लागलं साल. अंधारात उठायचं, गोठा झाडायचा, धारा, वैरण, मंग वावर. मिरगात पेरणी, सरीतलं गवत, कापसावर फवारा. पाठीवर पंपाची टाकी, पट्टा बरोबर त्या डाव्या खांद्यावर. त्यानं पट्ट्याखाली गोणपाटाची घडी घातली. औषध अन्‌ घाम मिळून तिथलं कातडं सोललं, शेवंताबाई हळद-तेल लावायची. जितेंद्र वाईट मालक नाही, हे सांगतो. शिवी देत नाही, हात उचलत नाही. कामावर आला नाहीस तर तो दिवस खाड्यात. खाडा म्हणजे साल संपल्यावर तेवढे दिवस पुढं. एवढंच त्याचं. साधा, सरळ हिशोब.

दिवाळीच्या आधी एक दिवस अभिमन कापसाची गाठोडी ट्रॉलीत टाकत होता. रस्त्यावर टेम्पो थांबला. कंपनीचा ठेकेदार. मागं जुने चार-पाच जण बसलेले, निळ्या शर्टात.

"अभिमन, एक पाळी चालू करतोय. जुनी माणसं पाहिजेत. या वेळी पगार खात्यात, फंडही खात्यात. सोमवारी ये."

टेम्पोतला एक जण ओरडला, "चाल रे, तुनी मशीन तुनी वाट देखी राह्यनी."

अभिमन गाठोडं खांद्यावर तसंच धरून जितेंद्रकडं गेला. जितेंद्र बांधावर मोबाईलवर कापसाचे भाव पाहत होता.

"जितूभाऊ, कंपनी चालू व्हयनी. माले जाऊ देशीत? तुमना पैसा पगारमधून..."

"जा ना. मी का धरी ठेवेल शे?" जितेंद्रनं मोबाईल खाली केला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "सत्तर हजार ठेव. कामाना दिन वजा करी देस, खाडा धरीसनी. बाकीना ठेव अन्‌ सोमवारपासून जा."

ठेकेदार रस्त्यावरनं हात वर करून विचारत होता, काय. अभिमननं गाठोडं खाली ठेवलं नाही. तिथूनच मान हलवली. टेम्पो गेला. धुळीत ते निळे शर्ट थोडा वेळ दिसत होते.

त्या दिवशी दिपमाला म्हणाली, बँकेत परत जाऊ, तेवढं छोटं कर्ज मिळेल का विचारू. गेले. दुसरी मॅडम होती. तिनं संगणकात पाहिलं अन्‌ म्हणाली, तुमच्या नावावर तडजोड दिसते, आता काही वर्षं कुठलीच बँक देणार नाही. दिपमालानं कॉलेज सोडलं अन्‌ शिंदखेड्याला कपड्याच्या दुकानात लागली. महिन्याचे सहा हजार. त्यातनं एसटीचा पास.

थंडीत नाना गेले. शेवटी शेवटी ते अभिमनच्याच हातचं खायचे. सुनेचं नको म्हणायचे, सुकलालच्या पोराला बोलवा म्हणायचे. तोच त्यांना मऊ भाकरी दुधात कुस्करून भरवायचा. तिरडीला खांदा दिला, तोही डाव्याच बाजूनं. तिसऱ्या दिवशी तो खांदा उठेना. हात शर्टात जाईना. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात सांगितलं, आतली नस फाटलीय, ऑपरेशन लागेल, तोवर वजन बंद. वजन बंद म्हणजे काम बंद, काम बंद म्हणजे खाडा. तो काही दिवस घरी बसला, मंग एका हातानं शेण काढायला परत गेला. शेवंताबाई आता सोबत जाते, त्याच्या वाट्याची वैरण ती उचलते. तिला त्याची वेगळी मजुरी नाही. ते सालातच.

हा झाला मागचा भाग, भाऊ. आता पुढचा ऐक, मंग उठ.

उद्या आखाजी आहे. साल उद्या सुटतं. खाडे बरेच निघतात, जितेंद्र म्हणतो, घाई नाही, जेव अन्‌ पुढच्या सालात टाकू, वर ऑपरेशनला पैसे देतो. खांदा कापायला पैसे देणार अन्‌ तो खांदा परत त्याच्याच पंपाखाली. उद्या तो ओट्यावर जेवला नाही, तर ते खाडे मजुरीनं फेडता येतील, आज दोन दिवस, उद्या चार. शेवंताबाई अन्‌ पोरगी मिळून फेडतील. जेवला, तर आणखी एक वर्ष, अन्‌ मंग मला नाही वाटत तो उठेल तिथनं.

शेवंताबाई सकाळी माझ्याकडं येऊन गेली. रडली नाही. म्हणाली, "मी त्यासले सांगं, उद्या जाऊ नका. तर म्हनतस, नानाना पहिला पितर शे, मी भरायेल घास त्यासले, अन्‌ त्यासना घास टाळू का?" ती मला विचारत होती याचं काय उत्तर द्यायचं. तो काही चुकीचं म्हणत नाही ना.

मला एकच गोष्ट दिसते. तुझी मोटारसायकल दारात उभी आहे. उद्या सूर्य वर यायच्या आत त्याच्या घरी जा. त्याला म्हण, अमळनेरला जायचंय, सामान धरायला माणूस पाहिजे. काहीही म्हण. तो नाही म्हणेल, तरी दारात उभा राहा, गाडी चालू ठेव, शेवंताबाई त्याला टोपी आणून देईल. कुठंतरी दूर ने. दुपारी हॉटेलात टेबलावर बसव अन्‌ पोटभर खाऊ घाल, पैसे माझ्याकडनं घे. अन्‌ दिवस मावळेपर्यंत त्याला गावात आणू नको. एवढं कर, भाऊ.